वानगीच्या बाटल्या

परवापासून आमच्या जिन्यात शिंका सुरू झाल्या आहेत. आधी पहिल्या मजल्यावरचे काका शिंकले, मग त्यांची सून, मग क्लासला निघालेली दोन मुलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये शिंक आली की सगळ्यांना कळतं, तिसऱ्या मजल्यावर आईची कढई चढली.

कोपऱ्यावरचा डंकही सुरू झाला. लोखंडी मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि मिरचीवर आपटतात, आणि तो धप्प धप्प आवाज दिवसभर भिंतीतून येत राहतो. माझी परीक्षा आणि हा आवाज दरवर्षी एकदमच येतात. पाठ केलेलं बरंचसं मला त्या ठेक्यावरच आठवतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यंदा बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आहे. समोर पुस्तक उघडं आहे, पण दोन दिवस मी त्यात नाही. मी गेल्या वर्षीच्या हंगामात आहे.

आई लोकांचे मसाले भाजून देते. बायका पिशव्या भरून मिरच्या, धने, खडा मसाला घेऊन येतात. देठं काढणं, गच्चीवर उन्हात घालणं, एकेक जिन्नस वेगळा भाजणं हे आईचं काम. कांडणं डंकवाल्या काकांचं. प्रत्येक घराचा मेळ वेगळा. कुणाला दगडफूल जास्त लागतं, कुणाला मेथी अजिबात चालत नाही, कुणाला खसखस नुसती गरम केलेली हवी. यातलं काहीही आईने कधी लिहून ठेवलेलं नाही. ती सातवीपर्यंत शिकली, लिहिता येतं, पण ती म्हणते, "वास काय लिहायचा? जिरं चार चमचे लिहिता येतं. जिरं कधी उतरवायचं ते कसं लिहू?"

लिहिण्याऐवजी ती वानगी ठेवते. एखाद्या घराचा मसाला कांडून आला की त्यातला चमचाभर औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरायचा, झाकणावर त्या घराच्या खुणेची रंगीत पट्टी चिकटवायची आणि बाटली फळीवर. पुढच्या एप्रिलमध्ये त्या घराची पिशवी आली की आधी ती बाटली काढायची. डोळे मिटून एकदाच हुंगायचं. बाटली बंद. मग गॅस पेटवायचा. वर्षभरात मसाल्याचा वास उतरतो, पण किती उतरतो तेही तिला ठाऊक. लहानपणी मला वाटायचं, त्या बाटल्यांमध्ये ती घरंच आहेत, आणि आई झाकण उघडून ती सगळी बरी आहेत ना ते बघते.

आमच्याकडे बाहेरगावचं कुणी आलं की पहिल्यांदा नाकाला रुमाल लावतं. नाल्याचा वास, जीन्स धुण्याच्या कारखान्यांचा निळसर वास, अंबरनाथच्या बाजूने संध्याकाळी वाऱ्यावर येणारा तो कसलासा तिखट वास. आम्हाला त्यातलं काही येत नाही. म्हणजे येत असणार, पण आतमध्ये कुणीतरी "हे नेहमीचंच आहे" म्हणून बाजूला काढून ठेवत असणार. या सगळ्यात राहून आई दगडफुलाची एक पाकळी जास्त झाली तर ओळखायची. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. ते शर्ट काढून खुंटीला अडकवायच्या आधीच आई सांगायची, "आज दुसऱ्या खात्यात टाकलं होतं ना तुम्हाला?" पप्पा म्हणायचे, "ही बाई पोलिसात पाहिजे होती."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत घरात सगळ्यांना ताप आला. चार-पाच दिवस. मला तोंडाला चव नव्हती, पप्पांना नव्हती, मग आमची आली. आईने कधी सांगितलं नाही, म्हणून आम्हीही समजून चाललो की तिचीही आली.

त्याच दिवसांत, मार्च असेल, कॉलेजात मॅडमनी वासाचा धडा घेतला होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. अंबरनाथला शेअर रिक्षाने जाताना मी रोज मनात ठरवते की आज एक तरी प्रश्न विचारायचा, आणि रोज न विचारताच परत येते. पुस्तक इंग्रजी. मी बोट ठेवून वाचते आणि समासात पेन्सिलीने मराठी लिहिते. त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर उंदराचा मेंदू काढला होता. नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या पुढच्या टोकाला, दोन लहान कंद. नाकातून आलेला वास आधी तिथे पोचतो. मॅडम म्हणाल्या की मेंदूच्या बहुतेक पेशी जन्मातून एकदाच मिळतात, पण उंदराच्या या कंदात मोठेपणीही नव्या पेशी येत राहतात. त्या तिथे जन्मत नाहीत. मागे, आत खोल, एका पोकळीच्या काठावर जन्मतात, आणि तिथून रांग धरून, एकमेकींच्या अंगावरून सरकत, पुढे चालत येतात. पोचलेल्यांपैकी कितीतरी मरतात. ज्यांना काम मिळतं, म्हणजे ज्यांच्यापर्यंत वास येत राहतो, त्या जास्त करून टिकतात.

आणि त्यांचं काम काय, तर बहुतेक जणींचं काम शेजारच्या पेशींना गप्प करण्याचं. हे ऐकून वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "सगळे एकदम बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही ना? दोन वास अगदी सारखे असतील तर त्यातला फरक ऐकू यायला बाकीच्यांना शांत बसवावं लागतं." मी समासात लिहिलं होतं: *नवीन पेशी = शांत बसवणाऱ्या.* एवढंच. घंटा झाली.

आंटी आली ती पंधरा एप्रिलला. तारीख लक्षात आहे कारण आदल्या दिवशी जयंती होती, आणि त्या दिवशी आमच्याकडे कढई चढत नाही. गल्लीभर निळे झेंडे, दारात रांगोळी, आणि आई वर्षातून एकदाच नेसते ती पांढरी साडी. आंटी समोरच्या इमारतीतली. सिंधी. खाली तिचं पापड-लोणच्याचं दुकान आहे. आईला ती 'अदी' म्हणते; त्यांच्यात ताईला तसं म्हणतात. दहा-बारा वर्षं तिचा मसाला आमच्याकडेच. त्या सकाळी ती बरणी घेऊनच आली.

"अदी, ये किसका मसाला दे दिया मेरेको?"

"आपकाच है, आंटी. लाल पट्टीवाला."

"मेरा नहीं है. मेरा तो मैं अंधेरे में पहचान लूँ. ये जला हुआ है. सूँघ के देख."

आईने बरणीत बोटं घातली, चिमूट नाकाशी नेली. मी दारात उभी होते. तिने खूप वेळ हुंगलं. एवढा वेळ तिला कधीच लागत नाही. मग ती म्हणाली, "हाँ आंटी. जल गया है. दूसरा करके देती हूँ."

आंटी जिना उतरून गेल्यावर आई खाटेवर बसली. चिमूट तशीच बोटांत होती. ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "शीतल, तू बघ गं. खरंच करपलाय का?"

तेव्हा मला कळलं. दोन महिने तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. धने तडतडल्याच्या आवाजावर, मिरचीच्या रंगावर, हाताला लागणाऱ्या धगेवर ती अंदाजाने भाजत होती. आठ घरांचे मसाले देऊन झाले होते. त्यातला आंटीचा फसला, बाकीच्यांचं काय झालं ते तिला माहीत नव्हतं. फळीवरची एकेक बाटली ती रोज उघडत होती, डोळे मिटत होती आणि परत बंद करत होती.

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मसाला भाजणारीचं नाक गेलं म्हणून?"

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. त्यांनी आधी कोपऱ्यातल्या पिशव्या मोजल्या. मग म्हणाले, "यंदा राहू दे. पिशव्या परत कर." आईने मान हलवली, पण कोपऱ्यातल्या पिशव्यांकडे बघून ती हो होती की नाही, ते मला समजलं नाही. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेला वास कधी परत येतो, कधी येत नाही, वाट बघा. आणि ओळखीचे वास रोज हुंगत राहा, त्याने फरक पडू शकतो.

हे मी कुठेतरी ऐकलं होतं. मी घरी येऊन पुस्तक उघडलं आणि मॅडमचं वाक्य आठवलं. *ज्यांना काम मिळतं त्या टिकतात.* मला वाटलं, मिळालं. अख्ख्या कॉलेजात शिकलेलं पहिल्यांदा घरात उपयोगाचं काहीतरी मिळालं.

मी चार बाटल्या केल्या. लवंग, वेलची, हिंगाचा खडा, कॉफीची पूड. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. आईने पदर डोळ्यांवर ओढायचा, मी एकेक बाटली तिच्या हातात द्यायची, तिने हुंगून नाव सांगायचं. मी वहीत तक्ता आखला. पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी लवंग बरोबर आली. आठव्या दिवशी लवंग आणि हिंग. दहाव्या दिवशी चारही. मी उठून नाचले. आई पदराआडून हसत होती. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना जाऊन सांगितलं. वर्गाबाहेर का होईना, पण स्वतःहून जाऊन त्यांच्याशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ. त्या म्हणाल्या, "वर्गात सांगशील का? तक्ता घेऊन ये."

त्यानंतर एक सकाळ अशी आली की आमच्या खालच्या गाळ्यात काहीतरी घाईची ऑर्डर होती. जीन्सच्या शिलाई मशिनी रोज दहाला सुरू होतात, त्या दिवशी सातलाच सुरू झाल्या. अख्खी इमारत गुरगुरत होती. आईच्या हातात मी लवंग दिली, ती म्हणाली वेलची. हिंग दिला, ती म्हणाली कॉफी. चारही चुकले.

"आई, काल तर सगळे बरोबर होते."

"मशिनींचा आवाज केवढा आहे," ती म्हणाली. आणि तिने एकदम जीभ चावली.

मी बाटल्यांकडे बघितलं. लवंगेची बाटली हातात हलली की खडखडते. वेलची पोकळ वाजते. हिंगाचा खडा एकच टण्ण. कॉफीला आवाजच नाही.

"तू ऐकून सांगत होतीस?"

"मग काय करू?" पदर अजून तिच्या डोळ्यांवरच होता. "तू वही घेऊन बसतेस. तोंडाकडे बघतेस सारखी. पोरीला नापास करू का?"

मला रागही आला आणि रडूही आलं. मग वाटलं, दोन महिने ती जगाला असंच फसवत होती, त्यात माझी एक वही. पण मॅडमना मी खोटं सांगितलं होतं. अजाणता, तरी खोटंच. पुढच्या सोमवारी वर्गात उभं राहायचं होतं. रविवारी मी मॅडमच्या घरी गेले. त्या बदलापूरच्या कडेला खरवईत राहतात, नव्या इमारतीत. जिन्याला अजून रंगाचा आणि ओल्या सिमेंटचा वास. मी दारातच सगळं सांगून टाकलं, पाणी प्यायच्या आधी.

मॅडम हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या, पण वेगळं. "शीतल, तुझ्या आईने तुझ्यापेक्षा चांगला प्रयोग केला. तू बघत होतीस तिचं नाक, ती बघत होती तुझं तोंड. बाटलीत कापूस घाल. बाटली तिच्या हातात देऊ नकोस. आणि ती 'काही नाही' म्हणाली की 'काही नाही' असं लिही. तेही उत्तर आहे."

"पण मॅडम, मेंदूत नव्या पेशी येतात ना? मग येईलच ना तिचा वास?"

त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं. समोरच्या शेतात राब भाजत होते. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पाला-शेण पसरून जमीन भाजतात, त्याचा धूर सरळ वर चढत होता. तो वास मला आवडतो, पण त्या दिवशी आईला तो येणार नाही हेच आधी मनात आलं.

"नाकात वास टिपणाऱ्या पेशी मरतात आणि नव्या येतात, हे माणसाचंही खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "आत, कंदात, उंदराच्या येतात. माणसाच्या बाळपणी येतात. मोठ्या माणसात येतात का, किती येतात, यावर अजून वाद आहे. मला माहीत नाही."

एवढ्या मोठ्या बाईला माहीत नाही असं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरात माहीत नाही म्हणणं म्हणजे हार. मी परतीच्या रिक्षात तेच वाक्य मनात घोळवत होते, आणि काय सांगू, हलकं वाटत होतं. सोमवारी मी वर्गात तक्ता दाखवला आणि तो कसा खोटा ठरला तेही सांगितलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तेरी मम्मी एकदम शाणी है रे." सगळे हसले. मीही.

मग पानंच्या पानं. बाटल्यांत कापूस, आईच्या डोळ्यांवर पदर, माझ्या हातात बाटली. काही नाही. काही नाही. काही नाही. ती वही माझ्याकडे अजून आहे. इतक्या एकसारख्या पानांची वही मी दुसरी पाहिलेली नाही.

पिशव्यांचं मात्र काय करायचं ते ठरत नव्हतं. पप्पांनी पुन्हा एकदा 'परत कर' म्हटल्यावर आई म्हणाली, "माझे कान आहेत, हात आहेत. नाक हिचं घेऊ." ती माझ्याबद्दल बोलत होती. मी म्हटलं, मला काही कळत नाही त्यातलं. "मला तरी जन्मतः कुठे कळत होतं?" ती म्हणाली.

असा गेल्या वर्षीचा उरलेला हंगाम सुरू झाला. दुपारी पेपर लिहून यायचं, हातपाय धुवायचे आणि कढईसमोर उभं राहायचं. आई उलथनं चालवायची, मी वाकून हुंगायची. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "आता?" सुरुवातीला मला सगळं सारखंच यायचं, गरम आणि तिखट. मग तिने सांगितलं, धन्याचे तीन वास असतात. आधी कच्चा, पोत्याचा. मग वाळल्या गवताचा. मग भाजक्या बिस्किटाचा. "बिस्किट आलं की लगेच उतरव. बिस्किटाच्या पुढे गेलीस की कडू." तिला त्यातला एकही वास येत नव्हता आणि ती मला त्यांची नावं सांगत होती. पंधरा वर्षांच्या आठवणीतून काढून माझ्या नाकाला लावत होती.

मला करपण्याची इतकी भीती होती की गवत संपून बिस्किटाची चाहूल लागली की मी ओरडायची, "आता!" आई उतरवायची. खसखस, दगडफूल, जायपत्री, नागकेशर. दोन-तीन आठवड्यांत माझ्या नाकाला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कॉलेजच्या रस्त्याने जाताना चहाच्या टपरीवर आलं आहे की गवती चहा, ते लांबून कळायला लागलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने केसांना कुठलं तेल लावलंय ते कळायला लागलं. आणि नाल्याचा वास यायला लागला, जो वीस वर्षांत कधी आला नव्हता. आईच्या डोक्यात नव्या पेशी याव्यात म्हणून मी रोज वही लिहीत होते. माझ्या डोक्यात काय चाललं होतं, ते कुणीच लिहीत नव्हतं.

मे महिन्यात आंटीचा मसाला पुन्हा भाजायला घ्यायचा होता. तो सगळ्यात शेवटी ठेवला होता, माझा हात बसावा म्हणून. धने उतरवले, मिरच्या भाजल्या, आईने परातीत सगळं एकत्र केलं, आणि एकदम पदर नाकाला लावून मागे सरली.

"शीतल, टायर जळतंय."

मला तर चांगला वास येत होता. मी खिडकीतून खाली बघितलं. काही जळत नव्हतं.

"अगं, यातूनच येतोय. रबर जळल्यासारखा. घाण. हे सगळं करपलंय. फेकून दे, आंटीला नको देऊ."

तीन महिन्यांनी तिला पहिल्यांदा वास आला होता, आणि तो असा. मला आधी आनंद झाला, मग तिचा चेहरा बघून तो गिळला. मॅडमनी मला यावरचं थोडं वाचायला दिलं होतं. गेलेला वास परतताना कधी कधी वाकडा येतो. नाकातल्या पेशींचे नव्याने वाढणारे धागे कंदात कुणाकडे जायचं ते चुकतात. लवंगेची बातमी भलत्याच घरी पोचते. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या पेशींना पत्ता नीट विचारून यायला सांग. रबराच्या घरात कशाला शिरल्या?"

हसलो आम्ही, पण प्रश्न तसाच होता. परातीत आंटीचा मसाला होता. आई म्हणत होती करपलाय. माझं नाक म्हणत होतं चांगला आहे. जन्मभर तिच्या नाकापुढे माझं नाक काहीच नव्हतं. मी पुन्हा हुंगलं. धने, मिरी, थोडं दगडफूल, मागे मिरचीचा गोडसर धूर. करपल्याचा लवलेश नव्हता. 

"आई, चांगला झालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर दे कांडायला." आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसली. मी परात झाकली.

आंटीने बरणी उघडली, नाक घातलं. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. "थोड़ा कच्चा है," ती म्हणाली. मग पुन्हा हुंगलं. "पर मेरा है. किसने भूना?"

"बेटीने," आई म्हणाली.

"पढ़ाई करती है ना, इसलिए जल्दी में है," आंटी म्हणाली. तिने बरणी काखेत घेतली.

बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली. सगळ्यांना वाढली, स्वतःची वाटी घेतली आणि हळूच बाजूला ठेवली. मी बघितलं हे तिला कळलं. "वेलची रबरासारखी लागते," ती म्हणाली, तक्रार नसल्यासारखी. ते दिवस वाईट होते. कांदा, कॉफी, पप्पांचा साबण, सगळं जळकं. फोडणी बसली की ती गॅलरीत जायची. पण आम्ही बाटल्या सोडल्या नाहीत. वहीत आता 'काही नाही' ऐवजी 'रबर' लिहायला लागले. पावसाळा असाच गेला. श्रावणाच्या सुमाराला एका सकाळी लवंग हुंगून ती म्हणाली, "रबर आहे, पण मागे काहीतरी दुसरं आहे." दिवाळीच्या आसपास ते मागचं पुढे आलं. मी विचारलं, लवंग आली का परत? ती विचार करून म्हणाली, "ती जुनी नाही आली. ही दुसरीच आहे. हिच्याशी ओळख करून घेते."

रोजच्या आमटीत गेल्या वर्षीचा, मी भाजलेला मसाला. घरचा तोच होता. वर्षभर आई तोच खात होती, तोच हुंगत होती, मी कॉलेजला गेल्यावरही. ते तिने मला सांगितलं नाही, डब्याचं झाकण रोज सैल दिसायचं त्यावरून कळलं.

काल आंटीची पिशवी आली. आईने फळीवरून लाल पट्टीच्या दोन बाटल्या काढल्या. दोन्ही गेल्या हंगामातल्या, महिन्याच्या अंतराने भरलेल्या. एक एप्रिलमधली, तिने अंदाजाने भाजलेली, करपलेली. तिने ती फेकली नव्हती. दुसरी मे महिन्यातली. मी म्हटलं, "थांब, नीट करू." मी तिच्या डोळ्यांवर पदर ओढला, बाटल्या पाठीमागे नेऊन दोनदा अदलाबदल केली. पूड वाजत नाही. शिवाय खालच्या मशिनी चालू होत्या. मी मनात म्हटलं, बरं आहे.

पहिली धरली. तिने एकदाच हुंगलं. "हा माझा. करपलेला. आंटीचं बरोबर होतं."

दुसरी धरली. ती थांबली. पुन्हा हुंगलं. पदराखाली तिचा चेहरा एखादी लांबची हाक ऐकावी तसा झाला होता.

"हा तुझा."

"कशावरून?"

"धने कच्चे. घाबरट भाजणी."

 करपलेला वास तिला पूर्वीपासून माहीत असणार, तो जुन्या आठवणीतून आला असं कुणी म्हणेल. पण माझी भाजणी तिच्या जुन्या नाकाने कधीच हुंगली नव्हती. ती झाली तेव्हा तिला काही येत नव्हतं, आलं ते रबर. माझा वास तिच्याकडे आठवण म्हणून नव्हताच. तो तिला नंतर, नव्याने शिकावा लागला. आता तिच्या डोक्यात कुठल्या पेशी आल्या, आल्या की नाही, मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. पण त्या दोन सारख्या बाटल्यांमध्ये कुणीतरी बाकीच्यांना शांत बसवलं आणि तेवढे कच्चे धने ऐकू आले.

मी वही ओढली.

"नंतर लिही," आई पदर डोक्यावर घेत म्हणाली. "कढई तापलीय. धने टाक."

धने पडले. पोत्याचा वास आला. मग गवताचा. खाली जिन्यात कुणीतरी शिंकलं. मग ती चाहूल आली, जिथे गेल्या वर्षी मी दर वेळी घाबरले होते. माझा हात गॅसकडे गेला.

"आता?" मी विचारलं.

"थांब," आई म्हणाली.